जनावराचं औषध

आमच्या माहेरी 'साप' हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही. दिवसा 'जनावर' म्हणायचं आणि दिवेलागणीनंतर 'लांबडं'. नाव घेतलं की ते येतं, अशी समजूत. हडपसरच्या पुढचं आमचं गाव आता महापालिकेत आलंय. शेतं गेली, उसाच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, वेशीवर मोमोंच्या गाड्या लागल्या, पण हा शब्द जागचा हलला नाही. "विहिरीकडं जनावर निघालं" म्हटलं की शेंबड्या पोरालाही कळतं, काय निघालं ते.

लग्न होऊन मी नारायण पेठेत आले. पहिल्याच वर्षी माहेरहून परतल्यावर सासूबाईंना घाबरीघुबरी होऊन सांगितलं, "काल आमच्या अंगणात जनावर आलं होतं." त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मग दूध काढून घ्यायचं होतं." पेठेत जनावर म्हणजे गाय, म्हैस, बैल. मी मुद्रितं तपासते. दिवसभर दुसऱ्यांच्या शब्दांवर लाल शाई फिरवते, त्यामुळे असल्या गोष्टी माझ्या ध्यानात राहतात. बसने तासाभराच्या अंतरावर एका शब्दाचा अर्थ बदलतो, याची तेव्हा गंमत वाटली होती.

माझा भाऊ माझ्यापेक्षा बराच लहान. शेंडेफळ, त्यामुळे लाडका, आणि लाडका असल्यामुळे थोडा आगाऊ. आयटीत नोकरी लागल्यावर पोरं मोटरसायकल घेतात, याने साप आणला. आफ्रिकेतल्या जातीचा, बिनविषारी, चॉकलेटी अंगावर सोनेरी ठिपके असलेला बॉल पायथन. परदेशी जातीचा म्हणून रीतसर सरकारदरबारी नोंद केलेला. वरच्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीत काचेची पेटी आली, तिच्याखाली ऊब देणारी चटई आली, आत नारळाचा भुसा, लाकडाचा एक ओंडका आणि पाण्याचं पसरट भांडं. आईने तर हायच खाल्ली. "घरात सून आनायची सोडून जनावर आनलं," एवढं म्हणून तिने वरचा जिना चढणं कायमचं बंद केलं.

आबा काही बोलले नाहीत. आमच्या वडिलांचं रागावणं असंच, ते गप्प होतात आणि घरातल्या घरात दिसेनासे होतात. भावाने एकदा साप हातावर घेऊन त्यांच्यापुढे धरला. "आबा, हा चावत नाही. घाबरला की स्वतःचीच गोळी करून डोकं आत घालतो. आपल्याकडच्या पाहुण्यांपेक्षा लाख पटीनं बरा." आबांनी टोपी उचलून डोक्यावर ठेवली आणि ते पारावर निघून गेले. पण जाता जाता त्यांनी मागे वळून एकदा बघितलं होतं, हे मी पाहिलं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते लांबवून सांगण्याची माझी ताकद नाही. दोन वर्षांपूर्वी भावाला ताप आला. आबा म्हणाले, "दोन दिवस बघू. पोरास्नी ताप येतोच." आयुष्यभर ते तसंच करत आले होते. बैल बसला तरी दोन दिवस बघायचे, स्वतःला कणकण आली तरी दोन दिवस बघायचे, आणि बहुतेक वेळा सगळं आपोआप बरं व्हायचं. या खेपेला झालं नाही. डेंग्यू निघाला. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तातल्या पेशी पार खाली गेल्या होत्या. तिथले डॉक्टर आमच्याकडे न बघता म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं." भाऊ गेला. लग्नाचं वय होतं त्याचं.

डॉक्टरांचं ते वाक्य आम्ही चौघांनी ऐकलं. आईने, मी, माझ्या नवऱ्याने आणि आबांनी. त्यानंतर त्या दोन दिवसांबद्दल घरात कोणी चकार शब्द काढला नाही. आबा रडले नाहीत. त्यांनी सगळं केलं, आलेल्यांना पाणी विचारलं, दहाव्याला कोण कुठे बसणार ते बघितलं. मला त्यांचा राग होता. खोटं कशाला बोलू, फार राग होता. त्यांना जेवायला वाढताना माझा हात जड व्हायचा. आणि तो राग काढायचा कुणावर, तर ज्याचं आधीच सगळं गेलंय त्या माणसावर, म्हणून तो मी गिळून टाकायचे.

सापाचं काय करायचं, असा प्रश्न आला. भावाचे मित्र त्याला न्यायला तयार होते, साप पाळणारी मुलं होती ती, त्यांनी नीट सांभाळलं असतं. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे." का, ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते वर जाऊ लागले.

शेतात जन्म गेलेला माणूस, जनावर दिसलं की काठी शोधणारा. त्यांनी ऊब कमी-जास्त करायचं यंत्र शिकून घेतलं. भावाच्या छोट्या फ्रीजमधला गोठवलेला पांढरा उंदीर कोमट पाण्यात ठेवून चिमट्याने पुढे धरायला शिकले. साप कात टाकायला आला की त्याचे डोळे दुधाळ होतात, त्या दिवसांत त्याला हात लावायचा नाही, हेही त्यांना कळू लागलं. दुपारी ते त्याला काढून सदऱ्याच्या बाहीत सोडायचे आणि पेपर वाचत बसायचे. साप दंडाशी वेटोळं करून पडायचा. आबा त्याच्याशी बोलत नसत, हातही फिरवत नसत. नुसते बसत. मी रविवारी गेले की जिन्यातूनच हे दिसायचं, आणि माझ्या पोटातला राग जरा खाली बसायचा.

त्या शनिवारी आबांचा फोन आला. आबा स्वतःहून फोन करत नाहीत, त्यामुळे मी घाबरलेच.

"ताई, जनावर पान्यातनं भाईर येईना."

"म्हणजे?"

"भांड्यात बसून ऱ्हायलंय कालपास्नं. आन् अंगावर बारीक गोचिडं झाल्यात. काळी. हालत्यात."

मी त्यांना फोटो पाठवायला सांगितला. हनुवटीखालच्या खवल्यांच्या फटींत आणि डोळ्यांच्या कडेला मोहरीहूनही बारीक काळे ठिपके दिसत होते. पाण्याच्या तळाशी तसेच ठिपके मरून पडले होते. सापाच्या अंगावर राख भुरभुरल्यासारखी पांढरी कणी होती. भाऊ एकदा याबद्दल बोलला होता. हे किडे सापाचं रक्त पितात, साप हैराण होऊन पाण्यात जाऊन बसतो, आणि वेळेवर बघितलं नाही तर अशक्त होऊन मरतोही. माइट म्हणायचा तो त्यांना.

भाऊ ज्या डॉक्टरीणबाईंकडे सापाला न्यायचा, त्यांचा दवाखाना विश्रांतवाडीच्या बाजूला. मी फोन केला, तर तिथल्या मदतनीस बाई म्हणाल्या, "मॅडम सोमवारी भेटतील. शनिवार-रविवार बंद. पाणी बदलत राहा, भुसा काढून कागद घाला." मी हे सगळं आबांना सांगितलं. वर म्हटलं, "सोमवारी सकाळी मी गाडी घेऊन येते. दोन दिवसांत काही होत नाही."

"बरं," आबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

रविवारी नेहमीप्रमाणे मी माहेरी गेले. आई अंगणातच उभी होती. "वर जा," म्हणाली, "त्यास्नी बघ." मला वाटलं आबांनाच काही झालं. धावत वर गेले. आबा जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि पुढ्यात धोतराच्या जुन्या पानावर साप होता. त्याची मान वरच्या बाजूला वाकडी झाली होती, छताकडे बघत असल्यासारखी, आणि सगळ्या अंगातून कंप जात होता. जीभ अर्धी बाहेर येऊन तशीच राहिली होती. आबांच्या मांडीजवळ एक बाटली होती. तिच्यावर गाय आणि म्हैस छापलेली.

"हे काय लावलंत?" मी विचारलं.

"गोचिडाचं औशद."

मी बाटली उचलली. गोठ्यातल्या जनावरांच्या गोचिडांसाठी पाठीवर ओतायचं औषध. आमच्याकडे बैल होते तेव्हा हीच बाटली कोनाड्यात असायची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतके दिवस गिळलेलं सगळं एकदम वर आलं आणि मी ओरडले, "आबा, दोन दिवस थांबता येत नव्हतं तुम्हाला?"

बोलून गेल्यावर माझ्याच कानावर ते पडलं. जिन्याच्या पायथ्याशी आई उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. आबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखाद्या अनोळखी माणसाने पत्ता विचारल्यावर बघावं तसं.

"थांबलो हुतो की," ते म्हणाले. "मागं."

विश्रांतवाडीच्या त्या दवाखान्याच्या दारावरच्या पाटीचा एक फोटो भावाने कधीतरी मला गंमत म्हणून पाठवला होता. 'साप जेवला नाही म्हणून फोन करू नये. साप महिनाभर उपाशी राहू शकतो. मालकाने जेवून घ्यावे.' आणि खाली, 'अगदीच जीव जात असेल तर या क्रमांकावर. प्राण्याचा, मालकाचा नव्हे.' तो क्रमांक मी फिरवला. डॉक्टरीणबाईंनी माझं अर्धं वाक्य ऐकलं आणि मला थांबवलं. "आधी त्याला कोमट पाण्याने धुवा. हळूहळू, वाहत्या पाण्याखाली, डोकं वर धरून. औषधाचा चिकटपणा जाईपर्यंत. मग घेऊन या. मी दवाखाना उघडते."

आबांनीच धुतलं. उशीच्या अभ्र्यात साप घालून त्यांनी तो मांडीवर घेतला आणि हडपसरपासून विश्रांतवाडीपर्यंत ते अभ्र्याकडेच बघत राहिले.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, केस बारीक कापलेल्या, घरातल्याच कपड्यांवर आलेल्या. त्यांनी साप टेबलावर घेतला, तोंड उघडून बघितलं, छातीच्या जागी कानाला लावायचं यंत्र ठेवलं. मग त्याला अलगद उताणा केला. पांढरं पोट वर आलं. साप तसाच पडून राहिला, कापत.

"धडधाकट साप क्षणभरही असा राहत नाही," त्या म्हणाल्या. "लगेच पालथा होतो. याला वर कुठलं आणि खाली कुठलं तेच कळत नाहीये. औषध मेंदूपर्यंत गेलंय." त्यांनी त्याला सुलटा केला, कंप कमी व्हायला एक इंजेक्शन दिलं आणि बाटली हातात घेतली. "हे कोणी लावलं?"

"म्या," आबा म्हणाले.

"दुकानदाराने हे सापासाठी दिलं?"

"साप म्हनलो न्हाय म्या." तो शब्द त्यांनी उच्चारलेला मी पहिल्यांदा ऐकला. "आमी तसं म्हनत न्हाय. म्या म्हनलो, जनावराला बारीक गोचिडं झाल्यात."

"बरं. मग?"

"त्यो म्हनला, दुभतं हाय का? म्या म्हनलो, न्हाय. त्यो म्हनला, मोठं हाय का ल्हान? म्या म्हनलो, ल्हान हाय, चार वर्साचं बी नसंल. मग त्यानं ही बाटली काढली. म्हनला, मानंपास्नं शेपटीपत्तुर पाठीवर वतत जायचं, आन् चाटू द्यायचं न्हाय."

"आणि तुम्हाला शंका आली नाही? वर गाय छापलीय."

"गोचिडाचं औशद गोचिडाला," आबा म्हणाले. "जनावर कुठलं का असंना. आन् त्यो मानंपास्नं शेपटीपत्तुर म्हनला. म्या म्हनलं, बराबर सांगतोय."

मी भिंतीकडे तोंड केलं. मला हसू येतंय की रडू, तेच कळेना. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बाटली खाली ठेवली. "त्याने वासरू समजून दिलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "वासराच्या अंगावर केस असतात, जाड कातडी असते, वजन असतं. याला त्यातलं काही नाही. तुमचं औषध चांगलंच होतं. बघा, एकही माइट जिवंत नाही." मग सापाच्या मानेवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "हा त्या मुलाचाच ना? उंच, फार बडबड करणारा? बऱ्याच दिवसांत आला नाही. कुठे असतो तो?"

आबा टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. मी म्हटलं, "तो गेला. दोन वर्षं होतील."

पेठेत असो की आमच्या गावात, 'गेला' या शब्दाचा अर्थ आवाजावरून कळतो. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले आणि त्या स्टुलावर बसल्या. "मला माहीत नव्हतं," एवढंच म्हणाल्या.

थोड्या वेळाने आबांनी विचारलं, "आता काय करायचं?"

"थांबायचं."

"औशद?"

"दिलंय तेवढं पुरे. आता अंगातलं विष त्याचं त्यालाच बाहेर टाकायचंय. ऊब सारखी ठेवा, अंधार ठेवा, पाण्याचं भांडं उथळ ठेवा म्हणजे बुडणार नाही. रोज सकाळी एकदा उताणा करून बघा. पालथा झाला तर जगेल. नाहीतर पुन्हा सुलटा करून ठेवायचा आणि थांबायचं."

"किती?"

"ते तोच ठरवेल."

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. लोकांसमोर ते टोपी काढत नाहीत. "डॉक्टरीनबाई," ते म्हणाले, "ह्येच तेवढं मला जमायचं न्हाय. पोराच्या वेळी थांबलो त्ये चुकलं. आता थांबलो न्हाय त्ये बी चुकलं. मानसानं करावं तरी काय?"

त्या बाई, ज्यांच्या पाटीवर जगाला टोमणे होते, त्या नुसत्या उठल्या. त्यांनी साप पुन्हा अभ्र्यात घातला आणि आबांच्या हातात दिला. दारापर्यंत आमच्याबरोबर आल्या. मला त्या तेव्हा फार आवडल्या. उगाच काहीतरी समजुतीचं बोलल्या असत्या तर मी त्यांना माफ केलं नसतं.

पुढचे दिवस मी माहेरीच राहिले. मुद्रितं बरोबर नेली होती, पण लक्ष लागत नव्हतं, एका कादंबरीतल्या सगळ्या वेलांट्या तशाच सोडून दिल्या. काम मात्र पुष्कळ होतं. माइट अंगावर राहतात आणि अंडी घालतात ती पेटीच्या सांदीकोपऱ्यांत. अंगावरचे मेले तरी अंड्यांतून नवे येतात. म्हणून नारळाचा भुसा सगळा पिशवीत बांधून फेकून दिला. तो भुसा आबांनी ज्या दुकानातून आणला होता तिथे सापही विकायला असतात, त्यातूनच हे आलं असावं, असं डॉक्टरीणबाईंचं मत. ओंडका जाळला. काचेची पेटी रिकामी करून मी आणि आबा ती उचलायला गेलो, तर जिन्यातून आई वर आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पदर खोचलेला, हातात घासणी आणि उकळत्या पाण्याची बादली.

"सरका," ती म्हणाली. "तुमाला घासता येतंय का?"

गच्चीत उन्हात बसून तिने पेटीच्या चारही काचा, सांधे, झाकण, सगळं घासलं. सांध्यातला मळ काडीने कोरून काढला. सापाकडे तिने बघितलं नाही, पण पेटी वाळल्यावर तळाला वर्तमानपत्र अंथरताना कागदाच्या कडा तिने हाताने दाबून दाबून सपाट केल्या. भावाची अंथरुणं ती अशीच घालायची.

सकाळ झाली की आबा वर जायचे. मी मागोमाग. ते सापाला दोन्ही हातांवर घेऊन कागदावर उताणा ठेवत आणि लगेच नजर दुसरीकडे वळवत. ते पांढरं पोट त्यांना बघवत नव्हतं. बघायचं काम माझं. "झाला का?" ते विचारत. "नाही," मी म्हणे. मग ते त्याला सुलटा करून पाण्याशेजारी ठेवत, आणि दिवस सुरू होई. खाली येऊन ते चहाला हात लावत नसत. त्यांना दहा उपाय सुचत होते, कडुलिंबाचा पाला घालू का, हळद लावू का, त्या अमक्याला विचारू का. प्रत्येक वेळी मी "नाही" म्हणायचे आणि प्रत्येक वेळी ते हात मांडीखाली घेऊन बसायचे. थांबणं हे इतकं कष्टाचं काम असतं, हे मी माझ्या बापाकडे बघून शिकले. आणि या माणसाने मागे दोन दिवस थांबताना काही आळस केला नव्हता, निष्काळजीपणा केला नव्हता, त्याला जे ठाऊक होतं तेच त्याने केलं होतं, हे माझ्या डोक्यात तेव्हा कुठे शिरलं. माझा राग गेला असं म्हणवत नाही. पण त्याला धरून ठेवायला जागा उरली नाही.

कंप आधी थांबला. मग मान सरळ झाली. जीभ आत-बाहेर होऊ लागली. तरी उताणा केला की साप तसाच पडून राही. डॉक्टरीणबाई फोनवर एवढंच म्हणत, "थांबा."

त्या सकाळी आबांनी त्याला कागदावर ठेवला आणि सवयीने खिडकीकडे तोंड केलं. मी बघत होते. काही वेळ काहीच झालं नाही. मग डोकं हललं. हनुवटी कागदाला टेकली. मानेचा पीळ हळूच पुढे सरकू लागला, एकेक बोटभर, अडखळत, मध्येच थांबत. पाठीचे सोनेरी ठिपके वर येत गेले, पोट खाली गेलं, आणि शेवटी शेपटीने एक छोटी कोलांटी घेतली. साप पालथा झाला.

"आबा," मी म्हटलं. "बघा."

त्यांनी वळून बघितलं. मग ते पलंगाच्या कडेवर बसले. त्यांनी हात पुढे केला, पण सापाला लावला नाही. खाली रस्त्यावर शाळेच्या बसचा हॉर्न वाजत होता.

"ताई," ते म्हणाले, "त्याला कळलं असंल का गं? म्या मुद्दाम न्हाय केलं. मला वाटलं, बरं हुईल."

सापाला यातलं काही कळत नाही. त्याला ऊब कळते, भूक कळते, हात कळतो. आबा सापाबद्दल विचारत असते, तर मला "नाही" म्हणावं लागलं असतं.

"कळलं होतं, आबा," मी म्हटलं. "दवाखान्यात, त्याची शुद्ध जायच्या आधी, तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात. तेव्हा त्याने मला जवळ बोलावलं. म्हणाला, ताई, आबांना घरी पाठव. त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नाही." दोन वर्षं हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

आबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते त्यांनी पुसलं नाही.

"परत सांग," ते म्हणाले.

मी परत सांगितलं.